मृतालाही पारपत्र हवे! नगरमध्ये जन्मलेल्या मिलिगनची कादंबरी आणि ‘पकून’ चित्रपट

- विशेष प्रतिनिधी

गावाच्या मधोमध देशाची सीमा आखली गेली, चर्च एका देशात राहिले आणि त्याच्या दफनभूमीचा काही भाग दुसऱ्या देशात गेला, तर गावात मरण पावलेल्या माणसाचे दफन करायचे कसे? ‘पकून’ या इंग्रजी कादंबरीतील सरकारी उत्तर अगदी साधे आहे. मृताला सीमा ओलांडायची असेल, तर त्याच्याकडे पारपत्र हवे आणि पारपत्रावर त्याचे छायाचित्रही हवे. आयर्लंडच्या फाळणीवरील या विनोदी कादंबरीवर २००२ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. गोष्ट आयर्लंडची असली, तरी ती लिहिणाऱ्या स्पाइक मिलिगनचा जन्म झाला होता तो अहमदनगरमध्ये.

ब्रिटिश विनोदाचा इतिहास मिलिगनचे नाव वगळून लिहिता येत नाही. मराठी वाचकाला मात्र हे नाव फारसे परिचित नाही. ‘पकून’ची गोष्ट आणि मिलिगनचे स्वतःचे आयुष्य शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. सीमेची चेष्टा करणाऱ्या या लेखकाला तीच सीमा जन्मापासून थडग्यापर्यंत नडत राहिली. शिवाय त्याच्या कादंबरीतील ज्या गोष्टी अतिशयोक्त वाटतात, त्यांपैकी बऱ्याच प्रत्यक्षात कुठे ना कुठे घडलेल्या आहेत.

छावणीतला जन्म

इंग्रजांनी १८०३ मध्ये वेलस्लीच्या नेतृत्वाखाली नगरचा भुईकोट किल्ला जिंकला. त्यानंतर येथे लष्करी छावणी वाढत गेली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १६ एप्रिल १९१८ रोजी, याच लष्करी गावात टेरेन्स ॲलन मिलिगनचा जन्म झाला. ‘स्पाइक’ हे नाव त्याने पुढे धारण केले. वडील लिओ मिलिगन लष्करात होते आणि ते मूळचे आयर्लंडमधील स्लायगोचे. आई फ्लॉरेन्स इंग्रज होती. म्हणजे बाप आयरिश, आई इंग्रज, जन्मभूमी हिंदुस्थान आणि वडिलांच्या अंगावर गणवेश ब्रिटिश साम्राज्याचा, अशी ही चौफेर सरमिसळ होती.

योगायोग असा, की त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २५ एप्रिल १९१८ रोजी, नगरमध्येच मराठी आणि हिंदी पडद्यावरचे अभिनेते शाहू मोडक यांचा जन्म झाला. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले मोडक पुढे पडद्यावर श्रीकृष्णाच्या भूमिकांसाठी घरोघरी ओळखले जाऊ लागले. एकाच गावातून, एकाच महिन्यात जन्मलेले हे दोन कलावंत पूर्णपणे वेगळ्या दिशांना गेले. मात्र माणसाची ओळख जन्माच्या दाखल्यात मावत नाही, हे दोघांनीही आपापल्या परीने दाखवून दिले.

मिलिगनचा नगरशी संबंध जन्मापुरताच राहिला. त्याचे बालपण गेले ते पुण्यात, आणि तेथील कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत त्याचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे वडिलांच्या बदलीबरोबर कुटुंब रंगूनला गेले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांची लष्करातील नोकरी संपली आणि हे कुटुंब लंडनच्या आग्नेय भागात येऊन राहिले. नोकर-चाकर, मोकळे आकाश आणि लख्ख ऊन मागे पडले. त्यांच्या जागी धुक्याचे शहर आणि पैशांची ओढाताण आली. जिला ‘मायभूमी’ म्हणायचे, त्या भूमीवर या मुलाचे पाऊल किशोरवयात पहिल्यांदा पडले आणि तेही परक्यासारखे.

दुसऱ्या महायुद्धात मिलिगन तोफखान्यात होता. उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या आघाडीवर तो लढला आणि जानेवारी १९४४ मध्ये इटलीत जखमी झाला. शरीराची जखम भरली, पण मनावर झालेला आघात कायम राहिला. पुढील सारे आयुष्य त्याने उन्माद आणि नैराश्य यांच्या आवर्तनांत काढले. त्याच अवस्थेत त्याने बीबीसी रेडिओसाठी ‘द गून शो’ लिहिला. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम हे त्याचे साथीदार होते. १९५१ ते १९६० या काळात चाललेल्या या कार्यक्रमाने इंग्रजी विनोदाचे वळणच बदलले. दर आठवड्याला नवी संहिता लिहिण्याच्या ताणाने त्याला अनेकदा रुग्णालय गाठावे लागले.

फाळणी कशी झाली?

‘पकून’मधील विनोद समजण्यासाठी आयर्लंडच्या फाळणीची पार्श्वभूमी माहीत असणे आवश्यक आहे. ब्रिटिश संसदेने १९२० मध्ये कायदा करून आयर्लंडचे दोन भाग केले. अल्स्टर प्रांतातील नऊपैकी सहा काउंट्या उत्तर आयर्लंड म्हणून ब्रिटनकडे राहिल्या. उरलेल्या २६ काउंट्यांचे, डिसेंबर १९२१ च्या करारानंतर, आयरिश मुक्त राज्य झाले. उत्तरेत ब्रिटनशी एकनिष्ठ प्रोटेस्टंटांचे, तर दक्षिणेत स्वातंत्र्यवादी कॅथलिकांचे बहुमत होते.

काउंटीची हद्द म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याची हद्द. ती फार जुनी होती आणि स्थानिक कारभारापुरतीच आखलेली होती. ओढा, बांध, एखादी जुनी वाट यांच्या कडेने ती जात असे. उद्या ती दोन देशांची सीमा होईल, असे ती आखणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. त्यामुळे सीमा झाली, तेव्हा ती शेतांतून, गावांतून, काही ठिकाणी तर घरांतूनही गेली. १ एप्रिल १९२३ पासून तिच्यावर जकात नाके बसले आणि कागदावरची रेघ लोकांच्या रोजच्या व्यवहारात आली.

ही सीमा लोकांच्या इच्छेनुसार दुरुस्त करण्यासाठी करारात सीमा आयोगाची तरतूद होती. आयोग १९२४ मध्ये कामाला लागला. त्याचे अध्यक्ष होते दक्षिण आफ्रिकेतील न्यायाधीश रिचर्ड फीदम. नोव्हेंबर १९२५ मध्ये आयोगाच्या शिफारशी एका लंडनच्या वृत्तपत्रात फुटल्या. थोडा प्रदेश इकडून तिकडे आणि थोडा तिकडून इकडे जाणार, हे कळताच दोन्हीकडे गदारोळ उडाला. अखेर ३ डिसेंबर १९२५ रोजी तिन्ही सरकारांनी आहे तीच सीमा कायम ठेवण्याचे मान्य केले आणि अहवाल बासनात बांधला. तो प्रसिद्ध झाला थेट १९६९ मध्ये. म्हणजेच तात्पुरती म्हणून स्वीकारलेली रेषा कायमची झाली, आणि तीही तिच्यावर कोणाचे एकमत झाले म्हणून नव्हे, तर वाद नको म्हणून.

कादंबरीतले गाव

मिलिगनने ‘पकून’ १९५८ मध्ये लिहायला घेतली. तिच्यापायी आपल्याला वेड लागायची पाळी आली, असे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. ती प्रसिद्ध झाली १९६३ मध्ये. कथेचा काळ १९२४ चा आहे आणि पकून हे काल्पनिक गाव स्लायगोच्या, म्हणजे वडिलांच्या जन्मगावाच्या, परिसरात वसवलेले आहे.

कथेतील सीमा आयोगाचे सदस्य नकाशापुढे बसून कंटाळलेले आहेत. दारूचे गुत्ते बंद व्हायची वेळ होत आली आहे आणि सर्वांनाच काम उरकायचे आहे. मग सगळ्यांनी मिळून पेन्सिल धरायची आणि एकदाची रेघ ओढून टाकायची, असा तोडगा निघतो. या ओढाताणीत रेघ नेमकी पकून गावातून जाते.

पुढचे सारे या एका रेघेचे परिणाम आहेत. गावातील दारूच्या गुत्त्याचा एक छोटासा कोपरा उत्तर आयर्लंडमध्ये जातो. तेथे दारूवरचा कर कमी असल्याने ती ३० टक्के स्वस्त मिळते. साहजिकच गुत्त्यातले सारे गिऱ्हाईक त्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहते. चर्चच्या दफनभूमीतून सीमा गेल्याने अंत्ययात्रेला जकात नाक्यावर थांबावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी झोपलेले नातलग आता वेगवेगळ्या देशांत गेलेले असतात. मग रातोरात शवपेट्या उकरून ‘आपल्या’ बाजूला आणण्याचा घाट घातला जातो. त्याच वेळी दुसरी एक टोळी शवपेटीतून स्फोटकांची चोरटी वाहतूक करू पाहते आणि सगळाच गोंधळ उडतो.

या धुमाकुळाच्या केंद्रस्थानी डॅन मिलिगन नावाचा आळशी, कामचुकार, पण मनाने निर्मळ गावकरी आहे. काम टाळणे हेच त्याचे काम. त्याचे खरे भांडण आहे ते लेखकाशी. तुझ्यामुळे माझे पाय असे काटकुळे झाले, म्हणून तो थेट लेखकाला जाब विचारतो आणि लेखकही त्याला उत्तरे देतो. कादंबरीच्या अखेरीस लेखक त्याला झाडावर अडकवून ठेवतो आणि त्याच्या विनवण्यांकडे दुर्लक्ष करून गोष्ट संपवतो. वरवर हा निव्वळ चावटपणा वाटतो. पण पकूनच्या गावकऱ्यांची अवस्था तरी वेगळी कोठे आहे? त्यांचेही आयुष्य दूर बसलेल्या कोणीतरी कागदावर लिहून टाकले आहे आणि त्याला जाब विचारण्याची सोय नाही.

पडद्यावर काय उतरले, काय निसटले?

टेरेन्स रायन दिग्दर्शित ‘पकून’ चित्रपटात नायकाचे आडनाव मिलिगनऐवजी मॅडिगन झाले आहे. ही भूमिका आयरिश विनोदी कलावंत शॉन ह्यूज याने केली. एलियट गूल्ड, डारा ओमॅली, ग्रिफ रीस जोन्स, मायलो ओशे अशी जाणत्या नटांची फळी त्याच्यासोबत आहे. नायकाशी हुज्जत घालणाऱ्या लेखकाच्या जागी आहेत रिचर्ड ॲटनबरो. ‘गांधी’ (१९८२) चे दिग्दर्शक आणि सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मधील जनरल औट्रम म्हणून भारतीय प्रेक्षक त्यांना ओळखतातच. साम्राज्याचा हिंदुस्थानातील अस्त भव्य पटावर रंगवणारा हा दिग्दर्शक येथे त्याच साम्राज्याने मागे ठेवलेल्या एका रेघेच्या गोष्टीत निवेदक म्हणून येतो, हेही लक्षणीय आहे.

विनोदी कादंबरी पडद्यावर आणताना नेहमीच एक अडचण येते. कथानक उचलता येते, पण निवेदनातील विनोद उचलता येत नाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव दूरदर्शनवर आले, तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या अभिनयाने ते घराघरांत पोहोचले. तरीही चिमणरावांनी स्वतःच्या फजितीचे जे गंभीर चेहऱ्याने वर्णन केले आहे, त्याची खुमारी पुस्तकातच अनुभवावी लागते. ‘पकून’चेही तसेच आहे. मिलिगनचा विनोद वाक्यागणिक कोलांटी मारतो. एखादी उपमा अर्ध्यात मोडते आणि शब्द शब्दशः घेतला जातो. पडद्यावर याची जागा वेशभूषा, धावपळ आणि नटांचे चेहरे घेतात. त्यामुळे चित्रपट काही ठिकाणी नुसताच गडबडगुंडा वाटतो. त्याचा फारसा बोलबाला झाला नाही, याचे एक कारण हेही असावे.

तथापि चित्रपटाला जे साधले, ते पुस्तकाला साधणे कठीण होते. वाचताना सीमा हा एक शब्द असतो. पडद्यावर ती ओळखीच्या गावातून, ओळखीच्या माणसांच्या मधून जाताना दिसते. थडग्यांच्या रांगांतून सीमा जाते, तेव्हा प्रेक्षक हसतो आणि लगेच थबकतो. ज्या आयर्लंडमध्ये या सीमेपायी बंदुका चालल्या, तेथे हसण्याचाही एक अर्थ होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे तीस वर्षे चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. १० एप्रिल १९९८ रोजी झालेल्या ‘गुड फ्रायडे’ करारानंतर सीमेवरील लष्करी चौक्या हटू लागल्या. हा चित्रपट आला तो त्यानंतरच्या या निवळलेल्या दिवसांत. कादंबरी लिहिली गेली तेव्हा हा रक्तपात सुरूही झालेला नव्हता, हे ध्यानात घेतले की तिच्यातील स्फोटकांची शवपेटी वेगळीच भासू लागते.

लेखकाचेच पारपत्र

मृताला पारपत्र मागणारी ही कादंबरी आकार घेत होती, त्याच सुमारास तिच्या जिवंत लेखकाला पारपत्राचा प्रश्न भेडसावत होता. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १९६२ मध्ये झाला. वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि स्वतः हिंदुस्थानात, त्यामुळे ब्रिटिश पारपत्रावरचा मिलिगनचा आपोआप मिळणारा हक्क गेला. त्याला अर्ज करून राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. ज्या देशासाठी आपण रणांगणावर जखमी झालो, त्या देशाने आपल्याकडे निष्ठेचा पुरावा मागावा, हे त्याला रुचले नाही. त्याने शपथ नाकारली आणि वडिलांच्या जन्मामुळे मिळणारे आयरिश नागरिकत्व घेतले.

येथे कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. साम्राज्य होते तोवर नगर, रंगून, स्लायगो आणि लंडन या चारही ठिकाणी जन्मलेला माणूस एकाच राजाचा प्रजाजन होता. साम्राज्य ओसरल्यावर ‘आपला कोण?’ हा प्रश्न नव्याने ठरवावा लागला आणि त्यासाठी जन्मस्थळ आणि बापाचे जन्मस्थळ हे दोन निकष वापरले गेले. या चाळणीतून मिलिगनसारखी माणसे निसटली. त्याच्याकडे प्रसिद्धी होती आणि पर्यायी देशही होता. ज्यांच्याकडे हे दोन्ही नव्हते, अशांची संख्या अर्थातच कितीतरी मोठी होती.

याचा परिणाम अखेरपर्यंत टिकला. २००१ मध्ये ब्रिटनने त्याला नाइटहूड दिले, पण ते ‘सन्मान्य’ म्हणजे परदेशी व्यक्तीला दिले जाते तसे. त्यामुळे नावाआधी ‘सर’ लावण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही. युद्धातील अनुभवांवरील त्याच्या आठवणींच्या पहिल्या पुस्तकावर १९७३ मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा त्यात त्याने स्वतःच्या वडिलांची भूमिका केली होती. पडद्यावर तो इंग्लंडमधील आयरिश बाप झाला. प्रत्यक्षात त्याच बापाच्या जन्मदाखल्याने त्याला देश मिळवून दिला होता.

आपल्याकडची ‘पकून’ गावे

‘पकून’ काल्पनिक असले, तरी आयर्लंडमध्ये पेटिगो नावाचे खरेखुरे गाव आहे. गावातून वाहणारी टर्मन नदी हीच सीमा आहे. एक तीर आयर्लंडच्या डोनेगल काउंटीत, तर दुसरा तीर उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना काउंटीत. पूल ओलांडला की देश बदलतो.

भारतीय वाचकाला यासाठी आयर्लंडला जाण्याचीही गरज नाही. पंजाब आणि बंगालची फाळणी करण्यासाठी आलेले सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात पोहोचले. त्यापूर्वी ते कधीही येथे आले नव्हते. त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते. रेषा जाहीर झाली ती १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. मिलिगनच्या आयोगाने गुत्ता बंद होण्याच्या वेळेकडे पाहून रेघ मारली. खऱ्या आयोगाला सत्तांतराच्या तारखेकडे पाहून ती मारावी लागली.

कूचबिहारच्या सीमेवर तर याहूनही अजब प्रकार होता. बांगलादेशात भारताचे १११ आणि भारतात बांगलादेशाचे ५१ भूखंड अडकलेले होते. त्यांतील एक तर भारतीय भूखंड बांगलादेशी भूखंडात, तो भारतीय भूखंडात आणि तो पुन्हा बांगलादेशात, असा होता. या १६२ भूखंडांतील पन्नास हजारांहून अधिक माणसांना ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री झालेल्या अदलाबदलीनंतर निश्चित असा देश मिळाला. मिलिगनने ही कल्पना कादंबरीत घातली असती, तर ती फारच ताणलेली वाटली असती.

खुद्द नगर जिल्ह्यालाही जकातीची सीमा ठाऊक आहे. १९४८ पर्यंत जिल्ह्याच्या पूर्वेला आणि ईशान्येला निजामाचे राज्य होते. कोपरगाव, नेवासे, शेवगाव या बाजूला बऱ्याच अंतरापर्यंत गोदावरी हीच हद्द होती. अलीकडे इंग्रजी अंमल, तर पलीकडे वैजापूर, गंगापूर, पैठण ही निजामाची. जामखेडकडील हद्द तर विशेष वेडीवाकडी होती. पलीकडे चालत असे तो हाली रुपया आणि जकात घेत असे ते निजामाचे ‘करोडगिरी’ खाते. दोन्ही तीरांवर भाषा एक, सोयरिकी एक, वारीची वाट एक, पण नाका मात्र मध्ये. सप्टेंबर १९४८ मधील पोलिस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे ही हद्द केवळ दोन जिल्ह्यांची उरली. आयर्लंडमध्ये जिल्ह्याची हद्द देशाची सीमा झाली. येथे नेमके उलटे घडले.

सगळ्याच हद्दींचे नशीब असे नसते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर बेळगाव आणि सीमाभागातील मराठी गावे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढील वर्षी अहवाल दिला, पण महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हा प्रश्न एकाच देशातील दोन राज्यांचा आहे, त्याची आयर्लंडशी सरसकट तुलना होऊ शकत नाही. तरीही आयोग नेमून वाद मिटत नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

विनोदाची दुसरी बाजू

मिलिगनचे कौतुक करताना एक नोंद टाळता येणार नाही. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘करी अँड चिप्स’ ही दूरचित्रवाणी मालिका आली. जॉनी स्पेट यांनी लिहिलेल्या या मालिकेत मिलिगनने चेहऱ्याला काळसर रंग फासून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी अशा कामगाराची भूमिका केली. मालिकेतील वंशवाचक शिव्यांवर मोठी टीका झाली आणि सहा भागांनंतर ती थांबली. वंशद्वेषाचीच टर उडवायची होती, असा बचाव तेव्हा केला गेला. पण ज्या स्थलांतरितांच्या नावे हशा वसूल होत होता, त्यांचा आवाज त्या मालिकेत जवळजवळ नव्हताच.

हा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे. हिंदुस्थानात वाढल्यामुळे तेथील माणसे आणि बोलणे आपल्याला आतून ठाऊक आहे, असे मिलिगनला वाटत असे. पण छावणीच्या कुंपणाआडून दिसलेला देश आणि प्रत्यक्षातील देश यांत अंतर होतेच. ‘पकून’मध्ये तो ज्यांच्यावर हसतो, त्यांच्यात तो स्वतःही आहे. नायकाला त्याने स्वतःचे आडनाव दिले आहे. म्हणूनच तो विनोद टिकला. दुसऱ्याचा रंग अंगाला लावून केलेला विनोद टिकला नाही.

अखेरचा नाका

२७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, मिलिगनचे इंग्लंडमधील राय येथे निधन झाले. जवळच्या विंचेल्सी गावातील सेंट थॉमस चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा त्याच्या शवपेटीवर आयर्लंडचा ध्वज होता. पण एवढ्याने प्रकरण मिटले नाही. ‘मी आजारी आहे, असे तुम्हाला सांगितले होते,’ हे वाक्य आपल्या थडग्यावर कोरावे, अशी त्याची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांना पवित्र दफनभूमीत असा थट्टेखोर मजकूर मान्य नव्हता. अखेर तडजोड झाली आणि तेच वाक्य आयरिश भाषेत कोरण्यात आले. इंग्लंडच्या त्या दफनभूमीत येणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येत नाही, म्हणून ते चालले. कादंबरीतील मृतांना जकात नाक्यावर अडवणाऱ्या लेखकाचा शेवटचा विनोदही असा परवानगीसाठी अडला आणि भाषा बदलून पलीकडे गेला.

त्याच्या मृत्यूनंतर ती सीमा पुन्हा बातम्यांत आली. जून २०१६ मधील जनमतात ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडमधील ५५.८ टक्के मतदारांनी मात्र संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते. सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या आणि दोनशेहून अधिक वाटांनी ओलांडल्या जाणाऱ्या या सीमेवर पुन्हा नाके बसणार का, या एका प्रश्नावर वाटाघाटी वर्षानुवर्षे अडल्या. जमिनीवर नाके नकोत, म्हणून मालाची तपासणी समुद्रापलीकडून येणाऱ्या बंदरांवर करायचे ठरले. ती जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली आणि वाद चिघळल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये नवी तडजोड करावी लागली. शंभर वर्षांपूर्वी ‘तूर्तास’ म्हणून मान्य केलेल्या रेषेची ही किंमत अद्याप मोजली जात आहे.

मिलिगन ज्या गावात जन्मला, त्या गावाचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. त्याच्या जन्माच्या वेळी ज्या साम्राज्याची छावणी तेथे होती, ते साम्राज्य केव्हाच इतिहासजमा झाले. ‘पकून’ वाचणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला हसू येते ते या बदलांवर नव्हे. एकदा मारलेली रेघ माणसापेक्षा मोठी मानण्याचा जो सरकारी गंभीरपणा असतो, त्यावर ते हसू येते. सीमा असू नयेत, असा उपदेश मिलिगन कोठेही करत नाही. रेघ मारण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंना कोणाचे घर आहे, कोणाचे शेत आहे आणि कोणाचे थडगे आहे, हे कोणीतरी जाऊन पाहावे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. चित्रपट कोठे मिळाला, तर जरूर पाहावा. मात्र आधी कादंबरी वाचावी आणि मग चित्रपटाकडे वळावे, हा क्रम अधिक आनंददायी ठरेल.